विषय: रविवारची मॅच आणि रविवारची भक्ती, काय करता तुम्ही?

प्रेषक: न्यू जर्सीचा सोलापूरकर

सगळ्यांना नमस्कार, आणि आपल्या चर्चच्या मंडळींना सलाम.

गणपतीच्या वर्गणीच्या मेल्समध्ये मधेच घुसतोय, सांभाळून घ्या. आमचा मोठा ११ वर्षांचा, यंदा सॉकरच्या ट्रॅव्हल टीममध्ये सिलेक्ट झाला. पोरगा खूष, आम्ही खूष, मग शेड्यूल आलं. सप्टेंबर ते नोव्हेंबर जवळजवळ दर रविवारी सकाळी मॅच, कधी कधी दीड तास लांब. आपली मराठी भक्ती महिन्यातून एकदाच, दुसऱ्या रविवारी दुपारी, तेही भाड्याच्या हॉलमध्ये, बाकीचे रविवार आम्ही इथल्या इंग्रजी चर्चला सकाळी जातो, म्हणजे जायचो. पहिल्याच महिन्यात तीन दांड्या झाल्या. बायको म्हणते टीममधून काढ, मी म्हणतो एवढी फी भरलीय (हे पाळकांना सांगितलेलं नाही).

सोलापुरात आमचे पप्पा भक्ती होईपर्यंत रेडिओवरची कॉमेंट्रीसुद्धा लावू द्यायचे नाहीत. पार्क मैदानावर मॅच असली तरी आधी चर्च, मग घरी येऊन जेवण, मग मैदान. तेव्हा राग यायचा, आता मी बाप झालोय तर नक्की कशाचा राग धरावा तेच कळेना.

---

प्रेषक: ताई, सातरस्ता, सोलापूर

भाऊ, सलाम. मागच्या मे महिन्यात तुझ्याकडं आले होते तेव्हा पिकनिकसाठी या लिस्टवर नाव घातलं ते तसंच राहिलंय, म्हणून रोज तुमच्या पार्किंगच्या मेल वाचायलेय. आज कामाचं काहीतरी आलं.

अरे इकडं पण तेच की. माझी धाकटी १४ ची, तीन वर्षं झाली खो-खो खेळते. शाळेच्या स्पर्धा आठवड्यात होतात, पण क्लबच्या स्पर्धा आणि जिल्ह्याची निवड चाचणी म्हटलं की रविवार. पोरांना सुट्टी, ग्राउंड मोकळं, पंच म्हणजे निम्मे पीटीचेच सर, त्यांना पण तोच दिवस सापडतो.

दोन वर्षांमागं चाचणी नेमकी प्रभुभोजनाच्या (चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या) रविवारी आली. मी काय केलं, शनिवारी रात्री दहाला सरांना मेसेज टाकला, ताप आलाय. दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर नवी पेठेत आईस्क्रीम खाल्लं आणि शहाणीनं मीच फोटो स्टेटसला ठेवला. पांढरा फ्रॉक, हातात कोन. सर काही बोलले नाहीत, महिनाभर पोरीला बदली खेळाडूत बसवलं फक्त. पोरगी मला म्हणाली, मम्मी, चर्चला जायला आपण खोटं बोललो. मला भाकरी गिळेना त्या दिवशी.

मग गेले सरांकडं, खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "ताई, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला नंदीध्वज निघाले की माझ्या निम्म्या पोरी गायब असतात. रमजानात दोघी पाणी न पिता ग्राउंडवर येतात, त्यांना मी सावलीत बसवतो. कुणाला नाही म्हटलंय का मी? पण आदल्या रात्री कळवू नका ओ, आठ पोरी चौकात बसतात, नववी पळते, एक कमी झाली की सगळं बसवलेलं मोडतं." माणूस बरोबर बोलला. रविवार मागायची मला लाज वाटत होती, खरी गोष्ट एवढीच होती.

तेव्हापासून जूनमध्येच कॅलेंडर घेऊन बसतो. प्रभुभोजनाचा रविवार, ईस्टर, हंगामाचा सण आणि नाताळचा आठवडा, एवढं सोडत नाही, सरांना लिहून देतो. बाकी रविवारी मॅच असली तर खेळते. सकाळी लवकर संपली तर तशीच चर्चला, खो-खो फ्रॉकवर खेळता येत नाही म्हणून किटवरच फ्रॉक घालते. एकदा प्रभुभोजनाच्या मेजापाशी गुडघे टेकले तर दोन्ही गुडघ्यांवर मातीचे गोल, नळावर रुमाल ओला करून पुसलं होतं तरी. चर्चच्या कमिटीतले एक वडीलधारे दारात म्हणाले, प्रभूच्या मेजाला माती घेऊन येतात होय. मी काही बोलले नाही, घरी येऊन भांडी आपटली.

आणि ह्यांचं वेगळंच. खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण, दहावीला सवलतीचे गुण, म्हणून एक पण स्पर्धा चुकवायची नाही म्हणतात. मला विचारशील तर आमच्या घरात रविवार पोरीच्या खेळानं खाल्ला नाही, सर्टिफिकेटच्या फायलीनं खाल्ला. तू पण बघ जरा, पोराला खेळायचंय का तुला फी वसूल करायचीय.

आणि मामांचं, म्हणजे तुझ्या पप्पांचं म्हणशील तर, दान गोळा करून झालं की मामा मागच्या दारानं पानपट्टीवर स्कोर विचारून यायचे. मी शब्बाथ शाळेच्या (चर्चमधल्या मुलांच्या वर्गाच्या) बाकावरून बघितलंय.

---

प्रेषक: एडिंबरावाला

ताईंनी आधी सांगायचं म्हटलं त्यावरून आठवलं. स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलची गोष्ट शब्बाथ शाळेत आपण अर्धीच सांगतो. १९२४, पॅरिस ऑलिंपिक, १०० मीटरच्या हीट्स (प्राथमिक फेऱ्या) रविवारी म्हणून धावला नाही, ४०० मध्ये ४७.६ सेकंद, सुवर्ण. पण हे ऐनवेळी बोटीवर कळलं वगैरे 'चॅरियट्स ऑफ फायर' सिनेमातलं. वेळापत्रक काही महिने आधीच कळलं होतं, त्याने तेव्हाच सांगून टाकलं आणि ४०० ची तयारी केली.

उरलेली अर्धी जास्त भारी आहे. पुढे तो चीनमध्ये मिशनरी होता, युद्धात जपान्यांनी वेइशियनच्या छावणीत ठेवलं. तिथे मुलांचे खेळ तोच घ्यायचा, रविवार सोडून. मग एका रविवारी मुलं आपली आपणच हॉकी खेळली, रेफरी नाही, मारामारी झाली. पुढच्या रविवारी हाच शिट्टी घेऊन उभा! १९४५ मध्ये त्याच छावणीत वारला.

उलटं उदाहरण, तिहेरी उडीवाला जोनाथन एडवर्ड्स, पाळकाचा मुलगा. १९९१ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप रविवारमुळे सोडली, १९९३ पासून रविवारी उतरायला लागला, १९९५ मध्ये १८.२९ मीटरचा विश्वविक्रम. खेळ सोडल्यावर काही वर्षांनी श्रद्धाही सोडली. म्हणून रविवारच्या उडीनेच श्रद्धा गेली असं काढू नका, आमच्या एका काकांनी काढलं होतं, चहा गार होईपर्यंत वाद चालला.

---

प्रेषक: न्यू जर्सीचा सोलापूरकर

ताई, पानपट्टीचं वाचून मी ऑफिसात मोठ्याने हसलो. पोराला सांगितलं तर म्हणतो, आजोबा खरंच जायचे?

कोचला काल फोन केला. दोन मिनिटांचं काम होतं, मी महिनाभर घाबरत होतो. महिन्यातला पहिला रविवार चर्चसाठी, पोरगा मॅचला येणार नाही, चालेल म्हणाला, फक्त मेल टाका. दुसऱ्या रविवारी मॅच संपवून थेट मराठी भक्तीला येऊ. फीचं बायकोशी अजून बोलणं व्हायचंय.

एडिसनकडून कुणाला यायचं असेल तर गाडीत दोन जागा आहेत. शूज डिकीत ठेवतो, तरी वास येईल.