'कोणाला' म्हणजे 'हूम' हा नियम कुठे फसतो?

शब्दवेल्हाळ:
'कोण' आले तर 'हू' आणि 'कोणाला' आले तर 'हूम', असे मला शाळेत शिकवले होते. त्यावर विसंबून मी 'हे पुस्तक कोणाला आवडते?' याचे भाषांतर 'हूम लाइक्स धिस बुक?' असे केले, आणि संपादकांनी 'हूम' खोडून 'हू' केले. त्याच पानावरच्या 'द कँडिडेट हूम वुई बिलीव्ह इज सूटेबल' यातलेही 'हूम' त्यांनी खोडले. इथे तर 'वुई' हा कर्ता समोरच दिसतो आहे. मग माझे चुकले कुठे?

विभक्तीप्रेमी:
शाळेतला नियम प्रत्ययाकडे पाहतो, कर्त्याकडे नाही. आवडणे, माहीत असणे, भूक लागणे अशा ठिकाणी मराठीत अनुभव घेणाऱ्या व्यक्तीला 'ला' लागतो. इंग्रजीत मात्र 'आय लाइक' म्हणताना तीच व्यक्ती कर्ता होते, म्हणून 'हू'. 'तुम्ही कोणाला बोलावले?' याचे 'हूम डिड यू इन्व्हाइट?' होते, म्हणजे तिथे नियम चालतो, आणि अशीच वाक्ये पुस्तकात असल्यामुळे तो कधी तपासला जात नाही. त्यापेक्षा प्रश्नाचे इंग्रजी उत्तर मनात द्यावे: उत्तरात 'ही' आले तर 'हू', 'हिम' आले तर 'हूम'. दोन्हींच्या शेवटी 'म' असणे हा योगायोग नाही. तो जुन्या इंग्रजीतल्या चतुर्थीचा अवशेष आहे.

तळटीप:
दुसऱ्या वाक्यातले 'वुई बिलीव्ह' बोटाने झाकून वाचा. उरते 'हू इज सूटेबल', आणि 'इज' या क्रियापदाला कर्ता हवाच. 'द कँडिडेट हूम वुई सिलेक्टेड' मध्ये तसे झाकता येत नाही, कारण निवडण्याची क्रिया त्या उमेदवारावरच घडते. 'गिव्ह इट टू हूएव्हर आस्क्स फर्स्ट' इथेही 'टू' पाहून 'हूमएव्हर' लिहिण्याचा मोह होतो, परंतु 'टू'चा संबंध पुढच्या संपूर्ण उपवाक्याशी आहे आणि त्या उपवाक्यात 'हूएव्हर' हा कर्ता आहे.

जुना वाचक:
बोलताना 'हू डिड यू मीट?' म्हटले तर आज कोणी हरकत घेत नाही. दोनेकशे वर्षांत मोठे कायदेपंडितसुद्धा 'हूम डिड यू सी?' म्हणेनासे होतील, असे भाकीत भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी १९२१ मध्येच केले होते. 'टू हूम', 'विथ हूम' असे शब्दयोगी अव्यय लगेच आधी आले की मात्र 'हूम' अजून पक्के आहे. माझे मत विचाराल तर, शंका असेल तिथे 'हू' लिहावे. चुकीचे 'हूम' अधिक खटकते, कारण ते शुद्ध दिसण्याच्या धडपडीतून आलेले असते.

शब्दवेल्हाळ:
आभारी आहे. त्याच मजकुरात पुढे 'कोणाला ठाऊक?' याचे भाषांतर मी 'हू नोज?' असे बिनचूक केले होते, आणि तिथे शाळेतला नियम मला आठवलासुद्धा नव्हता.