वहीतला शेरा आणि घरची शिक्षा: शिस्त नेमकी कोणी लावायची?

वर्गशिक्षक: शिस्त लावणं शाळेचं काम, असं पालक सरसकट म्हणतात. मला ते मान्य नाही. पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस, ८०० तास शिकवायचं असतं. वर्षाचे तास ८,७६०. झोपायची वेळ, मोबाइल कधी खाली ठेवायचा, घरकामाला येणाऱ्या मावशींशी कसं बोलायचं, हे घरातच ठरतं. दप्तर रात्री मुलाकडूनच भरून घ्या. आई भरते, म्हणून वही राहिली की 'आईने टाकली नाही' हे उत्तर तयार असतं.

पाटीपेन्सिल: हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक. रांगेत थांबणं, पाळी येईपर्यंत गप्प बसणं, हरल्यावर न भांडणं हे एकुलत्या एका मुलाला घरी कसं शिकवणार? त्याला वर्गच लागतो. आणि शाळा काय करते? वर्गाबाहेर उभं करते. गणित नको म्हणून दंगा करणाऱ्याला ते बक्षीसच! पीटीचा तास काढून घेते, म्हणजे ज्याला पळायची सगळ्यांत जास्त गरज, तोच बसून राहतो. एक ओळ शंभर वेळा लिहायला लावते आणि मग मूल लिहायला कंटाळतं अशी तक्रार करते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी आहे. पाणी सांडलं? तिथल्या तिथे फडकं हातात द्या, पुसून झालं की विषय संपला.

वर्गशिक्षक: फडकं दिलं की संध्याकाळी फोन येतो, 'आमच्या मुलाला फरशी पुसायला लावली.' श्रमप्रतिष्ठा मूल्यशिक्षणाच्या दहा मूल्यांपैकी एक आहे. परिपाठात ती चालते, हातात फडकं आलं की चालत नाही.

माजघर: त्या दहांत स्त्री-पुरुष समानताही आहे, सर. तरी कित्येक वर्गांत झाडू मुलींकडे आणि बाकं उचलायची मुलांकडे. पाळीचा तक्ता हजेरीच्या क्रमाने लावा, चार-चार जणांचा गट, दर सोमवारी बदल. सगळेच पुसतात म्हटल्यावर फोन करणाऱ्याला बोलायला जागा उरत नाही.

खरा घोळ शेऱ्यात आहे. 'खोड्या करतो, समज द्यावी' एवढंच वाचून दमून आलेला बाप रात्री आठला दोन धपाटे घालतो. सकाळच्या चुकीची दुसरी शिक्षा, तीही कशाबद्दल ते न कळता. पुढच्या वेळी मूल वहीच लपवतं, म्हणजे खोटेपणा आपणच शिकवला. शेरा असा हवा: 'तिसऱ्या तासाला शेजारच्याचं खोडरबर घेतलं. परत द्यायला लावलं. घरी पुन्हा शिक्षा नको, फक्त विचारा.'

पाटीपेन्सिल: हे पटलं. पण मग फक्त तक्रारीचेच शेरे नकोत. भांडण स्वतःहून मिटवलं, तेही लिहा.

वर्गशिक्षक: तीस-पस्तीस वह्यांत रोज एवढं लिहिणं होणार नाही. दिवसाला दोन मुलांचं होईल. मात्र घरून नुसती सही चालणार नाही. मुलाशी काय बोललात, ती एक ओळ खाली हवी.