बॉल पायथनची कात तुकड्यांत निघतेय

डॅलसकर आई: लेकीचा बॉल पायथन (पाळीव अजगर), नाव भोपळ्या. गेल्या आठवड्यात डोळे दुधाळ निळसर झाले, मग निवळले. काल कात टाकली, पण नुसत्या चिंध्या! शेपटीच्या टोकाला अजून चिकटलीय. थंडीमुळे हीटर अखंड चालू. चिमट्याने ओढू का?

जुना पायथनवाला: अजिबात नको! हीटरने हवा कोरडी पडलीय. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास ठेवा, लपायच्या डब्यात ओलं मॉस (शेवाळ) घाला. टोकाची कात आवळून रक्तपुरवठा तुटतो, म्हणून कोमट ओल्या फडक्यातून त्यालाच सरकू द्या.

रात्रपाळी: टाकलेल्या कातीत डोळ्यांच्या दोन पारदर्शक चकत्या आहेत का? नसतील तर त्या डोळ्यांवरच अडकल्या असतील; स्वतः खरवडू नका, डॉक्टरांना दाखवा.

डॅलसकर आई: शेपटीची निघाली! चकती एकच सापडली. दुसरीसाठी कचऱ्याची पिशवी उपसतेय, सासूबाई दारातून बघतायत.