तात्यांचे कागद छापण्यापूर्वी

पुण्याचे काका: तात्यांच्या कागदांचा मजकूर संपूर्ण वाचला. तुम्ही दोघांनी खपून केलेल्या या कामाचे मोल मोठे आहे. माझ्या दोनच सूचना आहेत. जुने अनुस्वार काढून सर्व मजकूर आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे करावा, म्हणजे नातवंडांना वाचायला सोपे जाईल. दुसरे, शके १८३४ मधली काकूंच्या केशवपनाची नोंद वगळावी. घरच्या पुस्तकात ती वाचून कोणालाही बरे वाटणार नाही.

मी: काका, नमस्कार. तुम्ही मजकूर इतक्या बारकाईने वाचलात याचा आनंद झाला. दोन्ही सूचनांवर काल रात्री दादाशी सविस्तर बोलले आणि आमचे म्हणणे येथे सर्वांसमोर मांडते.

वाईच्या घराच्या माळ्यावरून जी पेटी निघाली, तिच्यात तात्यांची रोजनिशी बाळबोध लिपीत आहे, तर कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आणि बहुतेक पत्रे मोडी लिपीत आहेत. मला मोडी येत नाही. दादाने अक्षर लावून सांगायचे आणि मी टंकायचे, अशी आमची वाटणी होती. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत, त्यामुळे एकेका ओळीवर आमची एकेक संध्याकाळ गेली आहे.

अनुस्वारांबद्दल सांगायचे तर सुरुवातीला माझेही मत तुमच्यासारखेच होते. अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले, मग ते आपण कशाला सांभाळायचे, असे म्हणून मी पहिली चाळीस पाने आजच्या पद्धतीने टंकलीसुद्धा. त्यात शके १८४० च्या आश्विनातील, म्हणजे ऑक्टोबर १९१८ मधील एक नोंद होती. मी टंकले होते, ‘पहाटे ते गेले’. त्या आठवड्यात घरातले कोणी वडीलधारे गृहस्थ वारले असावेत असे समजून मी वंशावळीत त्यांचा शोध घेत बसले. दादाने मूळ पान पुढे ठेवले. तात्यांनी ‘तें गेलें’ असे लिहिले आहे. गेले ते पाच महिन्यांचे मूल होते, आणि त्याच्या मागोमाग तिसऱ्या दिवशी त्याची आई, म्हणजे पणजोबांची पहिली पत्नी गेली. ती मानमोडीची साथ होती. दोन ठिपके मी काढले आणि घरातले एक मूल दुसऱ्यांदा नाहीसे झाले. त्या दिवसापासून तात्यांच्या लेखनात एकही अक्षर बदलायचे नाही असे आम्ही ठरवले. नातवंडांसाठी अवघड शब्दांचा अर्थ त्याच पानाखाली दिला आहे. ‘मानमोडी’च्या जागी इन्फ्लुएन्झा घालावे असेही मागे येथे कोणी सुचवले होते. तो शब्दही टिपेतच येईल, कारण तात्यांनी साथीला जे नाव दिले तेच त्या वेळी गावाच्या तोंडी होते.

दुसरी चूकही माझीच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, एवढेच धरून मी सर्व तारखा लावल्या होत्या. त्यामुळे पणजोबांचे दुसरे लग्न माघ शके १८४०, म्हणून १९१८ सालचे ठरले आणि पहिली पत्नी जिवंत असताना त्यांनी दुसरा संसार मांडला असा अर्थ निघाला. शक चैत्रात बदलतो आणि माघ इंग्रजी वर्ष उलटून गेल्यावर येतो, म्हणून तेथे ७९ मिळवायला हवेत, हे दादाने दाखवून दिले. लग्न फेब्रुवारी १९१९ मधले आहे. एका बेरजेने आपण पणजोबांना दोष लावणार होतो.

कीर्दीचेही तसेच झाले. एका दिवसाचा खर्च मी ३, २, १ आणि ५ रुपये असा टंकला होता. त्याची बेरीज ११ होते, तात्यांनी मात्र खाली १२ लिहिलेले दिसत होते, आणि आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाची बेरीज चुकेल हे पटत नव्हते. मूळ आकडे ३॥, २।, १॥। आणि ५ असे आहेत, म्हणजे साडेतीन, सव्वादोन, पावणेदोन आणि पाच. बेरीज १२॥, अगदी बरोबर. उभ्या रेघा म्हणजे पूर्णविराम असे समजून मी त्या गाळल्या होत्या.

आता काकूंच्या नोंदीविषयी. ती वगळू नये असे मला मनापासून वाटते. तात्यांनी अडीच ओळीच लिहिल्या आहेत आणि शेवटी ‘मी घरांत थांबलों नाहीं’ एवढेच म्हटले आहे. वयाच्या सतराव्या वर्षी काकूंवर जे ओढवले, त्याची साक्ष आपल्या घरात या ओळींखेरीज दुसरी नाही. ज्या कर्जव्यवहारात दुसऱ्या कुटुंबाची नावे येतात आणि ज्यांचे वंशज आज गावात राहतात, तेथे नावाऐवजी आद्याक्षर घालून तसे टिपेत नमूद करू. आपल्या घरचे मात्र झाकून ठेवू नये.

धाकट्या काकू: मूळ कागदांचे काय करायचे ठरले? काही पाने दुमडीवर फाटली आहेत, ती चिकटपट्टीने जोडून देऊ का?

दादा: मामी, कृपया चिकटपट्टी लावू नये आणि प्लास्टिकमध्ये पक्के बंदही करू नये. डिंक कागदात उतरून पिवळा डाग पडतो, अक्षर जाते आणि नंतर पट्टी काढताना कागद सोलला जातो. पाने सपाट ठेवून प्रत्येकाचे छायाचित्र घेतले आहे. सर्वांची संमती असल्यास मूळ कागद भारत इतिहास संशोधक मंडळाकडे विचारणा करून तेथे द्यावेत असे मला वाटते. ती संस्था १९१० पासून असेच कागद सांभाळत आली आहे.

पुण्याचे काका: ‘तें गेलें’ वाचून मी पुन्हा ते पान उघडले. अनुस्वारांची सूचना मागे घेतो. काकूंच्या नोंदीबाबत आत्यांनी सांगावे. काकूंना पाहिलेल्या आपल्यात आत्या एकट्याच आहेत.

आत्या: नोंद ठेवा. मी त्यांना लाल आलवणात पाहिले आहे, माझी वेणी त्याच घालीत. तात्यांनी सगळीकडे ‘वहिनी’ लिहिले आहे आणि तुमच्या वंशावळीत त्यांच्या जागी नुसती रेघ आहे. त्यांचे माहेरचे नाव मला ठाऊक आहे. उद्या सकाळी पूजा आटोपली की फोन करते, वही घेऊन बस.