स्फोटानंतर भावाची चिकाटीच गेली, कोणाला असा अनुभव?

खाडीकाठचा:
आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकडेला. पलीकडे केमिकल कारखाना, तिथे दोन वर्षांपूर्वी मोठा स्फोट झाला. आमच्या घरात कोणाला काही झालं नाही, खिडक्यांच्या काचा गेल्या तेवढंच. पण दादा तेव्हापासून बदललाय. आधी फाटलेलं जाळं घेऊन बसला की जेवायला चार हाका माराव्या लागायच्या, आता दहा मिनिटांत गुंता दिसला की टाकून उठतो. नुकसानभरपाईचा अर्जही तसाच, तलाठ्याकडे दोन हेलपाटे झाले आणि नाद सोडला. आई म्हणते आळशी झालाय. मला तसं वाटत नाही, कारण रात्री वास आला की सगळ्यात आधी तोच उठून बसतो.

पुस्तकी_किडा:
आळस नाही रे. अमेरिकेत १९७९ च्या मार्चमध्ये थ्री माईल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला, नंतर अँड्र्यू बॉम या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांचा अभ्यास केला. साधारण दीड वर्षानंतरही त्यांच्या लघवीत ॲड्रेनलिनसारखी ताणाची रसायनं लांबच्या गावातल्या लोकांपेक्षा जास्त होती आणि प्रूफरीडिंगसारख्या (छापील मजकुरातल्या चुका शोधायच्या) चिकाटीच्या कामात ते मागे पडत होते. किरणोत्सर्ग तसा थोडाच बाहेर पडला होता, पण दूषित पाणी आणि वायू तिथेच पडून, मग माणसाला कळणार कसं की संपलं?
त्याआधी ग्लास आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना कधी येईल ते कळणार नाही असा कर्कश आवाज ऐकवला आणि नंतर शांत खोलीत न सुटणारी कोडी दिली. त्यांनी लवकर हात टेकले. ज्यांना आवाज बंद करायचं बटण दिलं होतं ते जास्त वेळ झटत राहिले, आणि गंमत म्हणजे बटण जवळपास कोणी दाबलंच नाही. म्हणजे बंद करणं आपल्या हातात आहे, एवढं वाटणंच पुरलं.

मांडव्याची_पोर:
२०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळ चित्रा आणि खलिजिया जहाजं धडकली, तेल आमच्या रायगडच्या किनाऱ्याला लागलं. मासे खायचे की नाही या भीतीने गिऱ्हाईकच येईना. माझे बाबा म्हणायचे वादळ बरं, येतं नि जातं, ह्याचं काय समजत नाय. वादळानंतर दुसऱ्या दिवशी होडी उचलायला घेणारा माणूस त्यावेळी महिनाभर ओट्यावर बसून होता, आम्ही पण त्यांना खूप बोललो तेव्हा, आता वाईट वाटतं.

बोंबिल_फ्राय:
सगळं ताणावर ढकलू नका हो. तलाठ्याकडे दोन हेलपाट्यांत धडधाकट माणूस पण नाद सोडतो 😄

पुस्तकी_किडा:
@बोंबिल_फ्राय ते पण खरंय, अर्ज अडकला की तोच आणखी एक न बंद होणारा आवाज. खाडीकाठचा, दादाला झोप लागत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारवाल्यांना दाखव, किंवा १४४१६ वर फोन कर, टेलिमानसची सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट. आणि कारखान्याचा भोंगा कधी वाजतो ते आधी कळतं का तुम्हाला?

खाडीकाठचा:
नाही ना, चाचणी असली तरी कोणी सांगत नाही, अर्धा गाव बाहेर पळतो. आज ग्रामपंचायतीत तेच बोललो, चाचणीची वेळ आदल्या दिवशी ग्रुपवर टाका म्हणून. पत्र दादानेच लिहिलं. अर्धवट टाकलंन होतं, मग रात्री उठून पुरं केलंन.