पाच आमदार देऊनही सोलापूर मंत्रिमंडळाबाहेर का?

होटगी रस्ता

जानेवारी २०२५मध्ये पालकमंत्र्यांची यादी जाहीर झाल्यावर आपल्या या चर्चामंचावर एका सदस्याने लिहिले की, ‘सोलापूरकरांनी मंत्रिपदाचे रडगाणे आता थांबवावे; मंत्री कुठलाही असो, निधी यायचा तो येतोच.’ ते वाचल्यापासून मला राहवत नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

१५ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला. मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्री धरून ही संख्या ४२ होते. विधानसभेच्या ८ जागा असलेल्या साताऱ्याला त्यात चार कॅबिनेट मंत्री मिळाले आणि ११ जागांच्या आपल्या जिल्ह्याला एकही नाही. भाजपचे पाच आमदार आपण निवडून दिले. त्यांपैकी विजयकुमार देशमुख शहर उत्तरमधून सलग पाचव्यांदा आले आहेत आणि सुभाष देशमुखांनी सहकार खाते सांभाळलेले आहे, त्यामुळे अनुभवी माणूस नव्हता असे कोणालाही म्हणता येणार नाही.

२०१९च्या निवडणुकीपासून हेच चालले आहे. तेव्हापासूनचे पालकमंत्री मोजा: दिलीप वळसे पाटील, जितेंद्र आव्हाड, दत्तात्रय भरणे, राधाकृष्ण विखे पाटील, चंद्रकांत पाटील आणि आता जयकुमार गोरे. त्यांचे मतदारसंघ अनुक्रमे आंबेगाव, मुंब्रा, इंदापूर, शिर्डी, कोथरूड आणि माण; एकही सोलापूर जिल्ह्यातला नाही. ज्याला आपले मत मागायला यायचे नाही, तो आपल्या प्रश्नासाठी मंत्रिमंडळात भांडेल, ही अपेक्षा मला तरी ठेवता येत नाही.

मंगळवेढेकर

ते वाक्य माझेच आहे आणि मी ते मागे घेणार नाही. ९१व्या घटनादुरुस्तीमुळे मंत्रिमंडळ विधानसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा मोठे करता येत नाही. २८८ आमदारांच्या सभागृहात ही मर्यादा ४३ येते. जिल्हे ३६ आणि वाटेकरी पक्ष तीन. नागपूरच्या विस्तारात भाजपला १९, शिवसेनेला ११ आणि राष्ट्रवादीला ९ मंत्रिपदे आली. साताऱ्याचे आठही आमदार महायुतीचे आहेत आणि ते तिन्ही पक्षांत विभागलेले आहेत, त्यामुळे त्यांना तिन्ही कोट्यांतून वाटा मागता आला. आपल्याकडे शिवसेनेचा किंवा अजित पवारांच्या राष्ट्रवादीचा एकही आमदार आला नाही आणि ११ पैकी सहा जागा विरोधकांकडे गेल्या. सांगलीलाही काही मिळालेले नाही. शिवाय गोऱ्यांना पाहुणे म्हणणे चूक आहे. त्यांचा माण आणि आपले करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस हे सारे एकाच माढा लोकसभा मतदारसंघात येतात. दुष्काळ काय असतो, हे माणच्या माणसाला सांगावे लागत नाही.

होटगी रस्ता

तुमचे गणित मी भाजपपुरतेच तपासतो. साताऱ्यात भाजपचे चार आमदार आहेत आणि त्यांतले दोन मंत्री झाले. सोलापुरात पाच आहेत आणि एकही झाला नाही. येथे तीन पक्षांची अडचण नव्हती, निर्णय एकाच पक्षाचा होता.

पूर्व भाग

तुमची कोट्यांची चर्चा वाचून मला आमचा नळ आठवला. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येते, तेही बहुतेक वेळा मध्यरात्रीनंतर. आई नळाखाली रिकामी कळशी ठेवून जवळच झोपते. आधी नळातून नुसती हवा फुसफुसते, मग गढूळ धार पडते, आणि त्या आवाजाने ती उठून मला हाक मारते. पिंप, हंडे, घागरी, शेवटी पातेलीसुद्धा भरून होईपर्यंत उजाडते. आई विड्या वळते. पाण्याच्या दिवशी तिच्या हजार विड्या पुऱ्या होत नाहीत आणि तेवढी मजुरी बुडते. उजनीसारखे धरण जिल्ह्यात असताना ही अवस्था आहे. उजनीतून शहरात थेट पाणी आणणारी दुसरी, म्हणजे समांतर जलवाहिनी किती वर्षे रखडली, हे येथे कोणाला सांगायला नको. आपला माणूस मंत्रिमंडळात असता, तर दर आठवड्याला त्याने हा विषय काढला असता.

अकलूजकर

ताईंच्या आईंचे कष्ट कोणी नाकारत नाही. निष्कर्ष मात्र मला पटत नाही. १८ जानेवारी २००३ रोजी सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विजयसिंह मोहिते-पाटील उपमुख्यमंत्री झाले. राज्यातील दोन सर्वांत मोठी पदे एकाच जिल्ह्यात होती. पुढे २०१४ ते २०१९ या काळात शहरातील दोन देशमुख मंत्री होते. तेव्हा तुमच्या नळाला रोज पाणी येत होते का?

आणि पाण्याचा विषय निघालाच आहे, तर शेतकऱ्याचेही ऐकून घ्या. शहरासाठी उजनीतून भीमा नदीत पाणी सोडतात, ते शहर जेथून पाणी उचलते त्या औज बंधाऱ्यापर्यंत पोहोचावे म्हणून प्रत्यक्ष गरजेच्या कितीतरी पट सोडावे लागते. एवढे पाणी नदीत जाते आणि आमचे उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्याला सुटणारे पाणी, लांबते. मागच्या दुष्काळात माझा दोन एकर ऊस बांधावर उभे राहून वाळताना पाहिला आहे. शहरवाल्यांना ते दिसत नाही.

पूर्व भाग

त्या काळातही आई हंडेच भरत होती, एवढे मान्य करते. परंतु नदीतून पाणी सोडायची हौस आम्हाला नाही. जलवाहिनी वेळेत झाली असती, तर तुमचेच पाणी वाचले असते. आणि शहर किती पिते व ऊस किती पितो, याचा हिशेब एकदा तुम्हीच मांडा. दोन एकर वाळला म्हणून आमच्या पिंपाकडे बोट दाखवू नका.

अकलूजकर

ऊस काढला, तर ज्या साखर कारखान्यांवर हा जिल्हा चालतो ते बंद करायचे का? शहरात बसून शेतकऱ्याला पीक बदलण्याचा सल्ला देणे फार सोपे असते.

होटगी रस्ता

दोघेही थांबा, कारण आपापसांतील याच भांडणात पाणी तिसरीकडे जाते. २०२१ आठवा. उजनीतील ५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी इंदापूरला देण्याचा आदेश निघाला, तेव्हा आपले पालकमंत्री इंदापूरचेच आमदार होते. ते पुण्याकडून येणारे सांडपाणी आहे, असे आपल्याला सांगण्यात आले. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते, पण उपयुक्त साठा ५४ टीएमसीच्या आत आहे. त्यातून पाच काढायचे ठरत असताना, ज्या बैठकांत हे विषय फिरतात तेथे सोलापूरचा एकही मंत्री बसलेला नव्हता. माझा सारा आक्षेप एवढाच आहे.

मंगळवेढेकर

तो आदेश रद्द कसा झाला, तेही सांगा. मंत्री नसतानाच शेतकरी रस्त्यावर उतरले, सर्व पक्षांचे लोक एकत्र आले आणि महिनाभरात सरकारला माघार घ्यावी लागली. आमच्या तालुक्याच्या दक्षिणेकडील २४ गावांची उपसा सिंचन योजना घ्या. जिल्ह्याचे मंत्री होते त्या काळात ती कागदावरच राहिली. माझ्या आजोबांनी तिची वाट पाहिली, वडिलांनी पाहिली. टँकर येण्याच्या वेळी घरातला एक माणूस कायम रांगेत उभा असे. आमची गावे कर्नाटकात जाण्याची भाषा करू लागली, तेव्हा कोठे हालचाल झाली आणि मंजुरी आली ती २०२४मध्ये, जिल्ह्यात एकही मंत्री नसताना. त्यामुळे मंत्रिपदाने पाणी येते, यावर माझा विश्वास बसत नाही.

तरीही भाजपच्या कोट्याचा तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. पाचांतून एक देता आला असता. हे मनापासून आवडत नसले तरी मान्य करतो.

होटगी रस्ता

मग मीही एक मान्य करतो: २०१४ ते २०१९ या काळात आपल्या दोन मंत्र्यांच्या दोन गटांत शहराची जी ओढाताण झाली, तिचा दोष मुंबईला देता येणार नाही. परंतु मर्यादा ४३ आहे आणि नागपूरच्या शपथविधीनंतर मंत्री ४२ झाले. एक जागा तेव्हा रिकामी राहिली. आपल्या पाचही आमदारांनी एका पत्रावर सह्या करून ती मागावी, कोणाला द्यायची हे पक्षाने ठरवावे. सह्या पाच पाहिजेत, चार नकोत.

अकलूजकर

पत्राला माझा विरोध नाही. मात्र त्यात समांतर जलवाहिनीच्या शेजारच्याच ओळीत उन्हाळी आवर्तनाची तारीखही मागितलेली असली पाहिजे.

पूर्व भाग

असू द्या. जलवाहिनी मात्र पहिल्या ओळीत हवी.