ब्राउझरचे टॅब वर हवेत की डाव्या बाजूला?

अमळनेरी: अमळनेरला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीक विम्याची मुदत जवळ आली की एकेका संगणकावर पंचवीस-तीस टॅब उघडे. कुणाचा सातबारा, कुणाचं आधार, कुणाचं पासबुक. टॅब आक्रसत जातात, शेवटी नुसतं चिन्ह उरतं. आणि दहा टॅब एकाच साइटचे असले की दहा चिन्हं जुळी भावंडं. परवा एका आजोबांचा गट नंबर दुसऱ्याच्याच फॉर्मात टाकला. सबमिट करण्याआधी दिसला म्हणून निभावलं. तेव्हापासून टॅब डावीकडे, उभ्या यादीत. पूर्ण नाव वाचता येतं. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये ही सोय २०२१ पासून आहे, फायरफॉक्स ब्राउझरने २०२५ च्या मार्चमध्ये दिली. आडवे टॅब आता मोडीत काढा!

तापीकाठ: मोडीत कशाला? फिट्सचा नियम १९५४ चा आहे: लक्ष्य जेवढं मोठं आणि जवळ, तेवढं ते पटकन गाठता येतं. विंडो पूर्ण मोठी केली की वरचे टॅब पडद्याच्या कडेला टेकतात. माउस वर भिरकावला तरी नेम चुकत नाही. क्रोमने २००८ साली टॅब अगदी वर नेले, त्याचा हा फायदा.

अमळनेरी: डावी कडही कडच आहे ना दादा? आणि तीस टॅब झाल्यावर वरचा टॅब नखाएवढा उरतो. कडेला टेकून काय उपयोग?

भरीतपुरी: तुले कोनी सांगं भो, तीस-तीस टॅब उघाडाले? 😄

तापीकाठ: भरीतपुरींचं म्हणणं थट्टेचं नाही. एका माणसाची एक विंडो ठेवा, चार टॅब पुरतात, चूक होणारच नाही. शिवाय सातबाऱ्याचा तक्ता आडवा पसरलेला. डावीकडची रुंदी यादीने खाल्ली की जुन्या १३६६ पिक्सेल रुंदीच्या मॉनिटरवर तो सरकवत बसायचं.

भरीतपुरी: माझं भांडण वेगळंच आहे. २०२१ मध्ये फायरफॉक्स ८९ आलं आणि टॅब पानापासून सुटून तरंगती बटणं झाली. अरे, फाइलीचा कान फाइलीला चिकटलेला असतो, म्हणून तर कळतं कोणतं पान कुणाचं! उभे असोत की आडवे, टॅब पानाला जोडलेला दिसला पाहिजे. क्रोमची एक गोष्ट मात्र मानतो. फुलीने टॅब बंद करत गेलं, तर माउस तिथून हलेपर्यंत बाकीचे टॅब रुंद होत नाहीत, पुढची फुली बाणाखाली आपोआप येते. कुणीतरी दुकानात बसूनच हा विचार केला असणार.

अमळनेरी: सातबाऱ्याचं खरं आहे, तेवढ्यापुरती यादी मिटवून ठेवतो. एका माणसाची एक विंडो हेही उद्या करून बघतो. पण टॅब डावीकडेच. (मी चहाला गेलो तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरच्या पोराने ते परत वर लावलेत.)